भुजंग गुरुजींच्या हाताचा गुण

भुजंग गुरुजी आष्टीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लोकांच्या अकलेवर चिडायचे. या चिडण्यासाठी त्यांनी एक जागाही मिळवली होती. जालन्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर दर मंगळवारी त्यांचं सदर यायचं, 'तपासून पाहा'. मधुमेह बरा करणारा लाकडी पेला, गुडघेदुखीवरचं तांब्याचं कडं, चुंबक बुडवून ठेवलेलं पाणी, नळीनं दातातली कीड काढून दाखवणाऱ्या बाया, कुणाला म्हणून त्यांनी सोडलं नव्हतं. कीड आधीपासून नळीतच असते, हे त्यांनी भोकरदनपासून परतूरपर्यंत सगळ्यांना छापून सांगितलं होतं. लिहिणं इतकं तिखट, की संपादकाला दर वेळी दोन-चार शब्द गाळावे लागत. 'मूर्ख' हा शब्द मात्र तो राहू द्यायचा, कारण वाचणाऱ्यांना तो आवडायचा. प्रत्येकाला वाटायचं, हे शेजाऱ्याबद्दल आहे.

बसस्टँडसमोर महेमूदचं चहाचं हॉटेल होतं. मंगळवारी पेपर आला की पुंजाराम तिथं उभ्यानं ते सदर मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुंजारामची दहा एकर जमीन, आवाज खणखणीत, आणि गुरुजींवर त्याची भक्ती. कुठं थांबायचं, कुठं 'मूर्ख' वर जोर द्यायचा, हे त्याला बरोबर कळायचं. लोक मांडीवर थाप मारून हसायचे. हसून झालं की त्याच पेपरात महेमूद भजी बांधून द्यायचा.

एका मंगळवारी तांब्याच्या कड्यावरचा लेख वाचून झाला आणि नेमके गुरुजी तिथं पोचले. बघतात तो पुंजारामच्याच मनगटात कडं.

"हे काय रे?"

"हे व्हय? कडं हाय, गुर्जी. गुडघ्यासाठी."

"आणि आत्ता मोठ्यानं काय वाचलंस?"

"वाचलं ना! सगळ्याइला वाचून दाखवलं. लई जबरी लिवलंय तुमी. बिलकुल सोडलं न्हाई कुणाला."

"मग काढ की ते!"

"काहून?" पुंजाराम खरोखरच गोंधळला. "लिवणं येगळं, गुडघा येगळा."

गुरुजी घरी आले आणि बायकोला, उषाबाईंना, म्हणाले की हा देश सुधारायचा नाही. उषाबाई भाकरी थापत होत्या. हे वाक्य त्यांनी दर मंगळवारी ऐकलेलं होतं, त्यामुळे त्यांनी वर पाहिलं नाही. खरं सांगायचं तर गुरुजींना त्या रागात मोठं सुख होतं. आपल्या लेखांची कात्रणं ते एका जाड वहीत चिकटवून ठेवत. गाव मूर्ख आहे म्हणूनच ती वही भरत चालली आहे, हे त्यांना मनातून पसंत होतं.

मग त्यांनी कावीळ हातात घेतली.

ओढ्यापलीकडच्या वाडीवर अण्णासाहेब नावाचे जुने जमीनदार रविवारी आणि बुधवारी कावीळ उतरवायचे. आजोबांपासून घरात चालत आलेली सेवा. पैसा घ्यायचे नाहीत, रोग्याच्या घरचा चहासुद्धा प्यायचे नाहीत. रोग्याला पाटावर बसवायचं, दोन्ही हातांना कोपरापर्यंत एक रस चोळायचा, आणि काशाच्या थाळीवर हात धरून वरून चुन्याचं पाणी सोडायचं. थाळीत पिवळंजर्द पाणी साचायचं. ती अंगातली कावीळ. असे तीन वार झाले की रोगी मोकळा. तोवर तेल बंद, हळद बंद, आणि सुई तर मुळीच टोचून घ्यायची नाही. सुई लागली की कावीळ उलटते, असं अख्खा तालुका मानायचा. त्यामुळे कावीळ झालेला माणूस डॉक्टरच्या सावलीलाही उभा राहायचा नाही.

गुरुजींनी तो रस शोधून काढला. आंब्याच्या झाडाच्या आतल्या सालीचा रस. चुन्याची निवळी लागली की तो पिवळा पडतो, मग हात काविळीच्या रोग्याचा असो की पैलवानाचा. हे त्यांनी लिहिलं, आणि या खेपेला नुसतं लिहून थांबायचं नाही असं ठरवलं. बाजाराच्या दिवशी महेमूदच्या हॉटेलासमोर टेबल मांडलं, शाळेतून निवळीची बाटली आणली आणि रोगी म्हणून खुद्द महेमूदला खुर्चीवर बसवलं. महेमूद सहा फूट उंच, एका बैठकीत चौघांचं जेवणारा. त्याच्याइतका धडधाकट माणूस त्या बाजारात दुसरा नव्हता. गुरुजींनी रस चोळला, निवळी सोडली, आणि थाळी पिवळी झाली. अण्णासाहेबांच्या थाळीपेक्षा जरा जास्तच पिवळी झाली, कारण गुरुजींनी साल ताजी आणली होती.

"बघा!" गुरुजी ओरडले. "या माणसाला कावीळ आहे का?"

लोक गप्प झाले. गुरुजींना वाटलं, पटलं. मग त्यांनी पंधरा मिनिटं सगळं रसायन समजावून सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि ताठ मानेनं घरी गेले.

गावाला पटलं होतं, पण भलतंच. संध्याकाळी महेमूद गल्ल्यावर बसून सांगत होता, "मेरेको तर पत्ताच नव्हता, भाई. महिना झाला, अंग जड जड वाटून राह्यलं होतं. मास्तरनं काढली म्हणून. आता कसं हलकं वाटून राह्यलं." म्हणजे महेमूदला दबलेली कावीळ होती. अण्णासाहेबांना नुसती दिसणारी कावीळ काढता येते, भुजंग मास्तर न दिसणारीसुद्धा काढतो. मास्तरच्या हाताला गुण आहे. दोन दिवसांत ही बातमी वाड्या-वस्त्यांवर पोचली. सदर वीस वर्षांत जिथं पोचलं नव्हतं तिथंसुद्धा पोचली.

पुढच्या रविवारी सकाळी उषाबाईंनी त्यांना हलवून उठवलं. "अहो, उठा. दारात अकरा माणसं बसलीत. थाळ्या घेऊन आलीत."

गुरुजी बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. अडाणी झालं, गाढव झालं, ढोरं झालं. लोक हात जोडून शांतपणे ऐकत राहिले. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "गुण असतो त्याला राग असतोच, माय." गुरुजी जसजसे तापत गेले तसतशी तिची खात्री पक्की होत गेली. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं, आणि मंगळवारी 'माझ्या दारातले मूर्ख' असा लेख छापून आणला. ज्यांना त्यांचं घर ठाऊक नव्हतं त्यांनाही त्या लेखानं ते कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी परतूरहून जीप भरून माणसं आली.

असं चालू असताना एक दिवस अण्णासाहेब स्वतः भेटायला आले. भांडायला आले असतील म्हणून गुरुजींनी बाह्या सरसावल्या. पण अण्णासाहेब टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, पेपर वाचला. साल आंब्याचीच हाय, बराबर ओळखलं तुमी. पण त्यात खोटं कुठं हाय? रस कावीळ धरतो, चुना वढून काढतो. मला झाल्ती तव्हा माझ्या थोरल्या लेकानं माझी उतरवली. मी काय माझ्याच जिवाशी खोटं बोलंन?"

गुरुजींना ढोंगी माणूस हवा होता. समोर बसलेला माणूस ढोंगी नव्हता, आणि याचा त्यांना जास्तच राग आला. अण्णासाहेब गेल्यावर ते उषाबाईंना म्हणाले, "ढोंगी परवडला. आपण काय करतोय हे निदान त्याला ठाऊक तरी असतं."

दिवाळीनंतर पुंजारामची मुलगी कौसल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. कौसल्या गुरुजींची विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात शाळेत पहिली आलेली, आणि गुरुजींच्या मते वीस वर्षांत आष्टीत जन्मलेलं एकमेव डोकं. पुंजारामनं ते डोकं बारावी व्हायच्या आत शहागडला देऊन टाकलं. हायवेवर टायरचं दुकान असलेलं सासर. गुरुजी त्या लग्नाला गेले नव्हते. शहागडलाही ती साप्ताहिक मागवते आणि सदर वाचते, हे मात्र पुंजाराम सगळ्यांना कौतुकानं सांगायचा.

एका गुरुवारी महेमूदनं गुरुजींना हॉटेलात हाक मारली. "मास्तर, पुंजारामच्या पोरीला पाहिलं का? डोळे हळदीसारखे झाले. रविवारी अण्णासाहेबाकडं नेली, काल बुधवारी नेली. कालपासून उठलीच नाही म्हणतात."

गुरुजींनी चहाचा कप तसाच ठेवला. कौसल्याला सातवा संपून आठवा लागला होता. काविळीचा लेख लिहिताना त्यांनी जालन्याच्या एका डॉक्टरला विचारलं होतं, आणि डॉक्टरनं बजावलं होतं की पोटुशी बाई काविळीत गुंगायला लागली तर दिवस नाही, तास मोजा. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात गुरुजींनी ते लिहिलंही होतं. पण त्या आठवड्यात केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात आली, जागा कमी पडली आणि संपादकानं तेवढा परिच्छेद काढला.

कौसल्या सोप्यात खाटेवर पडली होती. चेहरा पिवळा, ओठ सुकलेले. उशाशी ओकाऱ्यांसाठी घमेलं ठेवलेलं. गुरुजींनी दोनदा हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडले.

"ओळखलंस का मला?"

"सर," ती म्हणाली, आणि पुन्हा झोपली.

"कधीपासून अशी झोपते?"

"कालपासून," तिची आई साळूबाई म्हणाली. "कावीळ उतरून राह्यली ना, त्याचा थकवा हाय."

"थकवा नाही तो! पुंजाराम, जीप सांग. आत्ताच्या आत्ता जालन्याला न्यायचं."

पुंजाराम खांबाला टेकून उभा होता. त्याचाही चेहरा उतरला होता, पोरीवर जीव होता त्याचा. पण तो म्हणाला, "नेऊ ना, गुर्जी. रविवारी तिसरा वार हाय. तेवढा झाला की लगेच नेऊ."

"रविवारपर्यंत राहणार नाही ती!"

"शुभ बोला, गुर्जी," साळूबाई म्हणाली. "तिथं नेलं की पयले सुई टोचतेत. सुई लागली की उलटली म्हणून समजा. पोटुशी लेक हाय माझी."

मग गुरुजी बोलले. सदरात लिहिलेलं, न लिहिलेलं, संपादकानं गाळलेलं, सगळं बोलले. यकृत सांगितलं, रक्त सांगितलं, आंब्याची साल सांगितली. बापाला नालायक म्हणाले, आईला अडाणी म्हणाले. पुंजाराम मान खाली घालून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "लई बराबर बोलता तुमी, गुर्जी." आणि खांबापासून तसूभर हलला नाही.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. वीस वर्षं ज्या टाळ्या घेतल्या त्या ह्याच.

साळूबाई पुढं आली. पदर सावरून, अगदी अजिजीनं म्हणाली, "रविवारची वाट पाहायची नसंल तर तुमीच उतरवा की. तुमच्या हाताला गुण हाय. महेमूदचं पाणी म्या सोता पाहिलं. अण्णासाहेबापरीस पिवळं झाल्तं."

"बाई, ते खोटं असतं हे दाखवायला केलं होतं मी!"

"मंग खोटं तर खोटं. उतरवा."

इथं एक सांगायला हवं. गुरुजींनी त्या क्षणी कौसल्याचा विचार आधी केला नाही. आधी त्यांच्या डोळ्यांपुढं येणारा मंगळवार आला. भुजंग मास्तरनं कावीळ उतरवली, ही बातमी कोण कोण कशी हसून सांगेल ते दिसलं, ती जाड वही दिसली. काय म्हणून करावं मी हे, असं त्यांच्या मनात आलं. मूर्खपणा यांचा, आणि त्यासाठी तोंड काळं मी करायचं? तेवढ्यात कौसल्या झोपेत काहीतरी बरळली. शब्द कुणालाच कळले नाहीत.

"पाहा," साळूबाई आनंदानं म्हणाली, "आता बोलून राह्यली."

गुरुजींना डॉक्टरनं मोजायला सांगितलेले तास आठवले. "साल आणा," ते म्हणाले. "आंब्याची. आतली."

पुंजाराम असा पळाला की त्याला गुडघे आहेत हेच तो विसरला. साळूबाईनं काशाची थाळी घासून आणली. चुना पानाच्या डब्यातला होता. गुरुजींनी तो तांब्यात कालवला, निवळू दिला. कौसल्याला उठवून बसवलं, बापानं मागून धरलं. गुरुजींनी तिचे हात धरले तेव्हा ते गार लागले. रस चोळताना तिनं डोळे उघडले, थाळीकडं पाहिलं, मग गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान दुसरीकडं फिरवली आणि वरून पाणी सोडलं. थाळी पिवळीजर्द झाली. साळूबाईनं हात जोडले.

"उतरली," गुरुजी म्हणाले. आयुष्यात इतका खोटा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता.

"एकाच वारात?"

"एकाच वारात. आता पथ्य ऐका."

पथ्य म्हटल्यावर घर सावरून बसलं. आष्टीची माणसं कायदा पाळायची नाहीत, दिलेला शब्द पाळायची नाहीत, शाळेची वेळ पाळायची नाहीत. पण पथ्य मोडलं असं त्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. शेजारच्या दोन बायाही दारातून आत सरकल्या. पुंजारामनं कानावरची पेन्सिल काढली.

"तेल बंद. हळद बंद," गुरुजी म्हणाले. "आणि घरच्या अंथरुणाला पाठ लागता कामा नये. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यातला लोखंडी पलंग. डॉक्टर सोडेल तोपर्यंत."

"आन् सुई?" साळूबाईनं भीत भीत विचारलं.

"उतरायच्या आधी सुई लागली तर कावीळ उलटते. उतरल्यावर सुई लागलीच पाहिजे, नाहीतर परत चढते. डॉक्टर म्हणेल तितक्या घ्यायच्या. सलाईनसुद्धा. नको म्हणायचं नाही."

"कव्हा निघायचं?"

"थाळीतलं पाणी वाळायच्या आत."

तासाभराच्या वादानं जे झालं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. महेमूदच्या भावाची काळीपिवळी जीप दारात आली, जीपमध्ये गादी टाकली गेली, पुंजारामनं लेकीला दोन्ही हातांवर उचललं. "जल्दी, जल्दी," तो ड्रायव्हरवर ओरडत होता, "पाणी वाळून राह्यलं तिकडं!" साळूबाई थाळी घेऊनच जीपमध्ये बसली, वाळतंय का बघायला.

कौसल्या तीन आठवडे दवाखान्यात होती. पहिले चार दिवस काही खरं नव्हतं. मग ती शुद्धीवर आली, आणि दिवस भरायच्या आधीच तिला मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडायला खणखणीत, आजोबाच्या वळणाची. डॉक्टरनं पुंजारामला खडसावलं, "एक दिवस उशीर केला असता तर दोघीही गेल्या असत्या." पुंजारामनं हे गावात जसंच्या तसं सांगितलं, फक्त एक शब्द बदलला. "डाक्टर म्हणला, एक दिवस उशिरा उतरवली असती तर दोघीबी गेल्या असत्या."

गुरुजींनी सगळं कबूल करायचं ठरवलं. असा लेख त्यांनी कधी लिहिला नव्हता. त्यात 'मूर्ख' हा शब्द एकदाच आला, आणि तो स्वतःसाठी. मी कावीळ उतरवली नाही, कुणालाच उतरवता येत नाही, मी खोटं बोललो, मुलीला सुया आणि सलाईननं वाचवलं, डॉक्टरांनी वाचवलं. संपादकानं एक शब्दही न गाळता छापलं. मंगळवारी महेमूदच्या हॉटेलात पुंजारामनं ते वाचून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

"गुण असणारा माणूस गुण कबूल करत नसतो," महेमूद म्हणाला. "बोललं की जातो ना तो."

"मोठेपणा हाय गुर्जीचा," पुंजाराम म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

वाचकांची बारा पत्रं आली. नऊ जणांनी विचारलं होतं की गुरुजी कोणत्या वारी बसतात. अण्णासाहेबांनीही निरोप धाडला, की रविवार-बुधवारी माझ्याकडं गर्दी आवरत नाही, सोमवार-गुरुवार तुम्ही घ्या. गुरुजींनी निरोप्याला हाकलून दिलं. पण त्या लेखाचं कात्रण त्यांनी वहीत चिकटवलं नाही. रविवारी ते घराला कुलूप लावून शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागले. सदर चालू होतं, पण लिहिताना पेन अडायचं. आपण कुणासाठी लिहितो, हा प्रश्न त्यांना वीस वर्षांत पडला नव्हता. आता तो दर वाक्याला पडायचा.

एक माणूस मात्र होतं ज्याला तोंड दाखवायचं त्यांना धाडस होत नव्हतं. कौसल्या बरी होऊन माहेरी आली होती, आणि गुरुजी त्या गल्लीनं जायचं टाळत होते. शेवटी तीच आली. दुपारची वेळ होती, ते लिहायला बसले होते. ती वाळली होती, पण डोळ्यांतलं पिवळेपण गेलं होतं. मुलीला आईजवळ ठेवून आली होती. उषाबाईंनी तिला पाणी दिलं, ते ती प्यायली नाही.

"सर, मी तेव्हा शुद्धीवर होते," ती म्हणाली. "पूर्ण नव्हते. पण साल चोळलेली कळली मला. मनात आलं, सरसुद्धा?"

गुरुजींना मान वर करवेना. "मला दुसरं काही सुचलं नाही, कौसल्या."

"माझे बाबा पेपर वाचून दाखवतात, सर. मी तो खरा मानायचे. शहागडला तुमचा काविळीचा लेख मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला होता. सासऱ्यांशी भांडले होते त्यावरून. आता माझी जाऊ पिवळी पडलीय. चतुराबाई. तिलाही दिवस गेलेत, सहावा आहे. मी निरोप पाठवला, आजच्या आज दवाखान्यात न्या. दारावरून दिवसभर गाड्या जातात, हात केला की थांबतात. काय उत्तर आलं माहीत आहे? तुझी तर तुझ्या सरांनीच उतरवली, मग आम्हाला काय शिकवून राह्यलीस?"

गुरुजींना तोंडात मारल्यासारखं झालं. वीस वर्षांत त्यांचं ऐकून कुणी कुणाशी भांडलं असेल तर ही एक पोर, आणि तिच्याच तोंडातला शब्द त्यांनी काढून घेतला होता.

"मी लिहितो," ते घाईघाईनं म्हणाले आणि पेन उचललं. "तुझ्या सासऱ्यांना पत्र लिहितो. आणि या मंगळवारी पुन्हा सगळं स्पष्ट..."

"लिहू नका, सर."

"का?"

"रविवारी ते तिला अण्णासाहेबांकडं आणणार आहेत. आज शुक्रवार. मंगळवारपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही." तिनं खांद्याची पिशवी काढून टेबलावर ठेवली. तिच्यात ओली, नुकतीच सोललेली साल होती. "शहागडला जायला बाहेर जीप उभी आहे. तुम्ही येताय म्हटल्यावर सासरे लगेच तयार झाले. चला."

गुरुजींनी पिशवी तिच्याकडं परत सरकवली. "कौसल्या, तू विज्ञानात पहिली आलेली मुलगी. हे खोटं आहे हे तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे," ती म्हणाली. "अण्णासाहेबांना माहीत नाही. ते उतरवतात आणि घरी पाठवतात. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही दवाखान्यात पाठवता. म्हणूनच तुम्हाला न्यायला आले."

गुरुजी उठले. टेबलावर अर्धा लिहिलेला कागद होता. त्याच्याकडं पाहून त्यांनी, जसं एखादं पोरगं विचारतं तसं, विचारलं, "आणि मग मी हे लिहितो त्याचं काय?"

"ते मी वाचते की, सर," कौसल्या म्हणाली, आणि पिशवी उचलून ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगायला पुढं निघून गेली. गुरुजी पायांत चपला सरकवत तिच्या मागोमाग गेले.